मी, चार बोटे वाढलेली साखळी

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. कुत्र्याच्या गळ्यातली नव्हे, झोपाळ्याची नव्हे आणि फाटकाला कुलूप लावायचीही नव्हे. मी जमीन मोजणारी साखळी आहे. तुमच्या शाळेतल्या भूगोलाच्या कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात, चेपलेल्या पृथ्वीगोलाशेजारी जी गंजकी जुडी पडली आहे ना, तीच मी. परवा तुमच्यापैकी काही जणांनी मला रस्सीखेचीसाठी मैदानावर नेले होते. त्या ओढाताणीत माझी एक कडी निखळली. मग शिपाईकाकांनी तिथे तारेचा तुकडा वळवला आणि मला पुन्हा कपाटात टाकले. खरे सांगू? मला राग आला नाही. किती वर्षांनी कुणीतरी माझी दोन्ही टोके धरून मला ताण दिला होता! त्या ताणाबरोबर जुने दिवस आठवले. तेच आज तुम्हांला सांगते.

माझा जन्म एका लोहाराच्या कारखान्यात झाला. लोहार तार तापवून सरळ करायचा आणि त्याची बायको ती मापाने तोडून टोकांना नाकी वळवायची. ती दोघे दिवसभर एकमेकांशी भांडत, पण तार तोडताना मात्र दोघेही गप्प होत. अशा शंभर लांबट कड्या झाल्या. दोन कड्यांच्या मध्ये तीन तीन बारीक वळ्या घातल्या. दोन्ही टोकांना पितळेच्या मुठी बसवल्या. दर दहा कड्यांवर पितळेचा एक बिल्ला लटकवला. पहिल्या बिल्ल्याला एक दात, दुसऱ्याला दोन, आणि बरोबर मध्यावर दात नसलेला गोल बिल्ला. मध्य ओलांडला की पुन्हा चार दात, तीन दात, असे उतरत जायचे, म्हणजे मला कुठल्याही टोकाने धरले तरी मोजता यावे. एवढेच की चाळिसाव्या आणि साठाव्या कडीवरचे बिल्ले हुबेहूब सारखे दिसतात. त्यापायी कित्येक नवख्यांची फजिती झालेली मी पाहिली आहे.

मग मला मोजणी कचेरीत नेले. तिथल्या ओसरीच्या फरशीत पितळेच्या दोन खुणा बसवलेल्या होत्या. त्या दोन खुणांमधले अंतर म्हणजे एक साखळी. माझी एक मूठ पहिल्या खुणेवर धरली, दुसरी ओढली आणि वाकून पाहणारा माणूस म्हणाला, "तंतोतंत!" आयुष्यात ऐकलेला तो माझा पहिला शब्द. मी त्याच शब्दावर पुढची कितीतरी वर्षे ताठ मानेने जगले.

त्याच कचेरीतून मला एका तरुण मोजणीदाराने नेले. लोक त्याला 'इंचभर' म्हणत. कारण कुणीही कितीही गोड बोलले, तरी हा इंचभर सरकायचा नाही. साखळीला दोन माणसे लागतात. मागचे टोक इंचभर धरायचा. पुढचे टोक धरायला त्याची थोरली बहीण, ताई, असायची. तिचा नवरा लवकर गेला आणि ती भावाकडे राहायला आली. पहिल्या वर्षी इंचभराचा गडी आजारी पडला, तेव्हा तिने पदर खोचला आणि म्हणाली, "घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बाहेर जमीन मोजलेली बरी." त्या दिवसापासून तीच पुढे. भाऊ मागून ओरडायचा, "ताण!" बहीण पुढून ओरडायची, "धरलं!" तो म्हणायचा, "खोच!" आणि ती माझ्या मुठीपाशी लोखंडी सळई जमिनीत खोचायची. मग "चल!" म्हटले की मी गवतातून, ढेकळांतून, चिखलातून सळसळत पुढे निघायचे. दोघे घरी फारसे बोलत नसत. त्यांचे सगळे बोलणे माझ्या दोन टोकांमध्ये होत असे.

मित्रांनो, तुम्हांला वाटत असेल, जमीन मोजायची म्हणजे लांबी गुणिले रुंदी. तसे नसते. जमिनीला तोंड नसते. ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे कागदाला सांगावे लागते, तेही अशा शब्दांत की जमीन कधीही न पाहिलेल्या माणसाला शंभर वर्षांनी ती त्या कागदावरून सापडावी. जुन्या दस्तांमध्ये नुसत्या चतुःसीमा असत. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओढा, उत्तरेस थोरल्या भावाची जमीन, दक्षिणेस वाकडे झाड. पण थोरला भाऊ जमीन विकून निघून जाई, ओढा कूस बदली आणि वाकडे झाड एखाद्या वादळात सरळ आडवे होई. एका दस्तात तर आम्हांला सापडले होते, 'जेथे पांढरी गाय बसते तेथपर्यंत.' ताई पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "गाय उठली की जमीन वाढत असेल!"

इंचभर दस्ताचे वर्णन मोठ्या निगुतीने करायचा. आधी एक पक्की जागा धरायची, जी सहसा हलत नाही. तिथून कुठल्या दिशेला, किती साखळ्या, कुठल्या खुणेपर्यंत. त्या खुणेपासून पुन्हा दिशा, पुन्हा अंतर, पुन्हा खूण. असे करत करत जिथून निघालो तिथेच परत यायचे. तो दस्तलेखकाला म्हणायचा, "कागदाचं दार बंद झालं पाहिजे. फट राहिली की त्या फटीतून पुढच्या पिढीचं भांडण आत येतं." आणि आणखी एक गोष्ट तो नेहमी सांगे, "खूण आणि अंतर यांत वाद झाला, तर खूण खरी. अंतर माणूस मोजतो. खूण तिथं स्वतः उभी असते."

किती छान सांगायचा! पण माणूस सांगतो ते त्याच्या लक्षात राहतेच असे नाही.

आमची ती बारा-तेरा वर्षे फार सुखाची गेली. डोंगरउतारावर मला आडवी, पाण्यासारखी सपाट धरून मोजत. ओढ्यात भिजले की ताई मला आपल्या पदराने पुसायची. पावसाळा संपला की परसातल्या लांब भिंतीवर मला वाळत घालायची. भिंतीत दोन टोकांना दोन खिळे होते. एका खिळ्यात एक मूठ अडकवायची, दुसऱ्यात दुसरी. मी बरोबर ताणून बसायचे. मग ती चिंधीने माझ्या एकेका वळीला तेल लावायची. आणि वर्षातून एकदा इंचभर मला कचेरीत नेऊन त्या दोन पितळी खुणांवर तपासून आणायचा. दर वर्षी तोच शब्द. तंतोतंत.

पुढे कचेरीची ओसरी खणली गेली. नवी गुळगुळीत फरशी आली आणि त्या फरशीखाली पितळी खुणा गडप झाल्या. साखळ्या तपासण्याची सोय मोठ्या शहरातल्या मुख्य कचेरीत गेली. जायला एक दिवस, यायला एक दिवस. इंचभर म्हणाला, "पुढच्या महिन्यात जाऊ." पुढच्या महिन्यात काम निघाले. मग पुढच्या वर्षी. ताईने दोनदा आठवण केली, तेव्हा तो जरा चिडूनच म्हणाला, "अगं, ही साखळी माझ्या हाताखालची आहे. मी तिला ओळखतो." मला तेव्हा फार अभिमान वाटला. आज लाज वाटते. अशी सहा वर्षे गेली.

त्याच काळात पुलाजवळची ती मोजणी आली.

पुलापासून दक्षिणेला एक रस्ता जातो. त्या रस्त्याच्या कडेला आधी कुंभाराची जमीन आणि तिला लागून सुईणीची. सुईण म्हणजे ताईची लहानपणची मैत्रीण. एकाच पाटीवर दोघी अक्षरे गिरवायला शिकल्या होत्या. अर्ध्या वस्तीची मुले तिच्या हातून जन्मली होती. कुंभाराची तिन्ही पोरे तिच्याच हातची. दोन जमिनींच्या मध्ये रस्त्यालगत एक हद्दीचा दगड होता. रस्ता रुंद करणाऱ्या मजुरांनी तो उखडून भरावात टाकून दिला. भांडण काही नव्हते. कुंभाराला नवी मोठी भट्टी बांधायची होती. सुईण म्हणाली, "आधी दगड बसवून घे बाबा, मग काय ते बांध." दोघांनी मिळून इंचभराला बोलावले.

दस्त अगदी स्पष्ट होता. पुलाच्या पूर्वेकडील कठड्याच्या कोपऱ्यापासून दक्षिणेकडे बारा साखळ्या, तेथे दगड. आम्ही मोजत निघालो. ताण, धरलं, खोच, चल. बाराव्या साखळीला ताईने सळई खोचली आणि तिच्या मुठीतला ताण एकदम सैल झालेला मला जाणवला. सळई सुईणीच्या पायवाटेच्या पलीकडच्या काठावर उभी होती.

"असं कसं?" सुईण म्हणाली. "माझी वाट दगडाच्या या बाजूला आहे. तीस वर्षं त्या दगडावर पाय टेकून मी चपलेचा पट्टा लावलाय. दगड वाटेच्या पलीकडे होता, कुंभाराच्या बाजूला."

"तुमची आठवण चुकत असेल," इंचभर म्हणाला. तो उद्धट नव्हता. पण त्याचा आवाज कागदासारखा कोरडा होता. "दस्तात बारा साखळ्या आहेत. मोजल्या तुमच्यासमोरच."

जुने मोजणीदार हद्दीच्या दगडाखाली विटेचा तुकडा आणि कोळसा पुरून ठेवत. दगड हलला तरी कोळसा कुजत नाही, म्हणून. इंचभराने सळईपाशी खणून पाहिले. कोळसा नव्हता. "रस्त्याच्या कामात गेला असेल," तो म्हणाला. इकडे तिकडे दोन हात खणून पाहावे, असे त्याच्या मनात आले नाही.

सुईणीने ताईकडे पाहिले. "तू तरी सांग गं. तू हजार वेळा आली आहेस या वाटेनं."

ताईने माझी मूठ घट्ट धरली होती. ती खाली बघत म्हणाली, "साखळी सांगते ते खरं."

मित्रांनो, मी काहीच सांगत नव्हते. मी नुसती जमिनीवर पडले होते.

नवा दगड बसला. सुईणीची वाट कुंभाराच्या जमिनीत गेली. कुंभार वाईट माणूस नव्हता, पण जागा हाती आल्यावर कोण सोडतो? भट्टीची भिंत त्या पट्ट्यावर एक हातभर पुढे आली. रस्त्याच्या तोंडाशी मडक्यांच्या उतरंडी रचल्या गेल्या आणि पुढची वाट बंद झाली. आता सुईणीकडे यायचे तर मागच्या बोळाने, सांडपाण्याच्या चिखलातून वळसा घालून यावे लागे. ज्यांच्या घरी बाळंतपण अडले आहे, अशी माणसे धापा टाकत तो वळसा घालत. सुईणीने कुणाकडे तक्रार केली नाही. तिने एवढेच केले की ताईशी बोलणे सोडले. रस्त्यात गाठ पडली तर ती डोक्यावरचा पदर नीट करायची आणि निघून जायची.

तीन वर्षे गेली. एका पावसाळ्यानंतर ताईने मला नेहमीसारखे भिंतीवर घातले. एक मूठ अडकवली, दुसरी अडकवली, आणि चिंधी घ्यायला वळली. परत येऊन पाहते तो मी ताणून बसलेले नव्हते. मला मध्येच झोळ आला होता. तो काही त्याच वर्षी आला नव्हता, पण आजवर तिचे लक्ष तिकडे गेले नव्हते. तिने दुसरी मूठ काढली आणि मला ओढून सरळ केले. मूठ खिळ्याच्या पुढे गेली. तिने खिळा आणि मूठ यांच्यामध्ये बोटे आडवी धरली. एक, दोन, तीन, चार.

"अरे, जरा इकडे ये," तिने भावाला हाक मारली.

इंचभर आला. त्याने पाहिले. "भिंत खचली असेल."

"दोन्ही खिळे एकाच भिंतीत आहेत. खचली तर बरोबरच खचतील."

"उन्हानं लोखंड वाढतं, ताई."

"सकाळपासून सावली आहे इथं."

माझी मूठ त्याने पुन्हा पुन्हा खिळ्याला लावून पाहिली. लहान मूल बंद कपाटाचे दार पुन्हा पुन्हा ओढून पाहते तसे. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने मला पिशवीत भरले आणि शहराची गाडी पकडली.

मुख्य कचेरीतल्या तपासनीसाने मला खुणांवर ठेवले आणि चष्मा वर केला. "चार बोटं वाढली आहे. किती वर्षं आणली नाहीत?" मग माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "हिच्यात आठशे जागा अशा आहेत, जिथं लोखंड लोखंडावर घासतं. एकेका जागी केसाएवढी झीज धरा. आठशे केस झाले की चार बोटं होतात."

"पण माझे कागद तर सगळे बंद होत होते," इंचभर पुटपुटला. "निघालो तिथंच परत येत होतो. एकाही मोजणीत फट राहिली नाही."

"राहणारच नाही. चूक सगळ्या बाजूंनी सारखी असली की दार छान लागतं." तपासनीस भला माणूस होता. त्याने माझ्या काही वळ्या काढल्या, काही बदलल्या, आणि मी पुन्हा पूर्वीएवढी झाले. पिशवी हातात देताना तो हळूच म्हणाला, "झालं ते झालं. जुनी मढी उकरू नका. सगळ्यांच्याच साखळ्या वाढतात."

येताना इंचभराने मला मांडीवर घेतले होते. सबंध वाटेत तो खिडकीबाहेर बघत होता.

घरी आल्यावर त्याने मोजणीच्या जुन्या वह्या काढल्या. दोन दिवस तो त्यांतून डोके वर काढीना. जेवण पानात गार होई. तिसऱ्या दिवशी ताई त्याच्यासमोर येऊन बसली.

"किती निघाले?"

"एक्केचाळीस कागद. बरेचसे लहान आहेत, एक-दोन साखळ्यांचे. तिथं फरक पडला तरी कुंपणाच्या जाडीत जाईल." तो थांबला. "चार बोटं म्हणजे काय गं, फार नाही."

ताईने बोटे मोजायला सुरुवात केली. "पुलाजवळ बारा साखळ्या होत्या. बारा चोक अठ्ठेचाळीस. चोवीस बोटांचा एक हात." तिने मान वर केली. "दोन हात. तिची वाट दोन हातांची आहे."

इंचभराने वही मिटली. "ताई, तो एक कागद उघडला की एक्केचाळीस उघडतील. लोक दारात येऊन उभे राहतील. आयुष्यभर मी एकच गोष्ट कमावली आहे. लोक म्हणतात, हा मोजतो ते बरोबर मोजतो. तेवढीही राहणार नाही."

"तुझी गोष्ट तू बघ," ताई म्हणाली. "मी लिहीत नाही, सही करत नाही. पण पुढचं टोक माझ्या हातात होतं. तिनं मला विचारलं होतं आणि मी खाली बघितलं. माझ्या टोकाची चूक मी जाऊन सांगणार. तुला यायचं तर ये."

ती उठली. थोड्या वेळाने मला पिशवीत घालण्याचा आवाज झाला. पिशवी इंचभराने भरली होती.

ती दोघे मागच्या बोळाने गेली. ताईच्या चपला चिखलात रुतत होत्या. सुईण मागच्या दारात कपडे पिळत होती. तिने वर पाहिले आणि पिळणे तसेच चालू ठेवले.

इंचभराने काही पाल्हाळ लावला नाही. "साखळी वाढली होती. मी तपासली नव्हती. तुमची वाट तुमचीच होती. तुमची आठवण बरोबर होती, माझी साखळी चूक होती."

सुईणीच्या हातातून पाणी गळत राहिले. मग त्याच्याकडे न बघता ती ताईला म्हणाली, "तीन वर्षं आली नाहीस."

"कुठल्या वाटेनं येऊ?" ताई म्हणाली. "वाट मीच मोजून घालवली."

"मागून यायचं होतं. बाकी सगळे येत होते."

मग तिघे कुंभाराकडे गेली. ऐकल्यावर कुंभाराच्या कपाळावर आठ्या चढल्या. "म्हणजे? परवा म्हणता बारा साखळ्या इथं, आज म्हणता तिथं! उद्या आणखी एखादी साखळी आणाल. माझी भट्टी काय डोक्यावर घेऊन फिरू?" त्याचे काही चुकत नव्हते. भट्टी बांधताना त्याने दोन वर्षे घाम गाळला होता.

"मोजून तर बघू," इंचभर म्हणाला. "तू स्वतः बरोबर चल."

पुन्हा पुलाचा कठडा. पुन्हा तोच रस्ता. ताण, धरलं, खोच, चल. बाराव्या साखळीला सळई कुंभाराच्या उतरंडींच्या मध्ये खोचली गेली, वाटेच्या कुंभाराकडच्या काठावर, जिथे सुईणीने सांगितले होते तिथे. मडकी बाजूला झाली. ताई स्वतः कुदळ घेऊन बसली. वीतभर खणले, दोन विती खणले. मग कुदळीखाली कर्रकन आवाज झाला. विटेचा तुकडा निघाला. त्याखाली काळे ठिकरे.

"कोळसा!" सुईण म्हणाली.

"कोळसा तर माझ्या आवारात पावलोपावली सापडेल," कुंभार म्हणाला. "भट्टी आहे माझी."

कुंभार खाली वाकला. त्याने एक ठिकरी उचलली, फुंकर मारून माती उडवली, नखाने खरवडली, दोन बोटांत चुरून पाहिली. माती आणि जाळ यांतच त्याचा जन्म गेला होता. आम्हां कुणालाही जे कळले नसते ते त्याच्या बोटांना कळले. एकदा त्याने भट्टीकडे पाहिले. नंतर सुईणीकडे.

"हा माझा नाही," तो म्हणाला. "माझ्या भट्टीत भुसा आणि काटक्या जळतात, त्यांची राख होते. हा जाड लाकडाचा कोळसा आहे. फार जुना. मुद्दाम पुरलेला." आणि हातातली पूड झटकत म्हणाला, "मावशी, वाट तुमची."

मित्रांनो, त्याने ओठ मिटून घेतले असते, तर त्या दिवशी कुणालाही काही सिद्ध करता आले नसते.

सुईणीने भट्टीच्या भिंतीकडे बघितले. ती भिंत तिच्या जमिनीत हातभर आली होती. ती म्हणाली, "भट्टी असू दे. भिंत उभी आहे तोवर उभी राहू दे. तिथं मी थोडा वळसा घालून जाईन. मला फक्त रस्त्याचं तोंड मोकळं करून दे. बाळंतिणीच्या घरच्यांना चिखलातून यावं लागतं रे."

कुंभाराने त्याच दुपारी आपल्या हातांनी उतरंडी हलवल्या.

आठवड्याने सगळे दस्तलेखकाच्या खोलीत जमले. अरुंद खोली, शाईचा वास, टेबलावर कागदांचे गठ्ठे. मी इंचभराच्या पायाशी पिशवीत होते. दस्तलेखक लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होता. 'पुलाच्या पूर्वेकडील कठड्याच्या कोपऱ्यापासून निघून दक्षिणेकडे बारा साखळ्या, जेथे दगड रोवला असून दगडाखाली वीट व कोळसा आहे. तेथून पश्चिमेकडे ओढ्यापर्यंत पाच साखळ्या...' भट्टीची भिंत कुठवर, ती किती काळ, वाट किती रुंद, सगळे आले. फिरून पुलाचा कोपरा आला. कागदाचे दार बंद झाले.

"अजून एक ओळ लिहा," सुईण म्हणाली. "ही हद्द मध्यंतरी चुकीची मोजली गेली होती. मोजणी करणाऱ्या भावाने आणि बहिणीने स्वतः येऊन ती चूक सांगितली."

दस्तलेखकाने चष्म्यावरून पाहिले. "दस्तात असं लिहीत नाहीत, बाई. दस्तात जमिनीचं वर्णन असतं."

"हेही त्या जमिनीचंच वर्णन आहे. लिहा."

त्याने लिहिले. इंचभराने सही केली. मग सुईणीने कागद ताईपुढे सरकवला. ताई गोंधळली. इतकी वर्षे तिने माझे पुढचे टोक धरून अर्धी वस्ती मोजली होती, पण कुठल्याही कागदावर तिचा साधा उल्लेख नव्हता. "मी कशाला?" ती म्हणाली. "तुझ्याही हातात टोक होतं ना," सुईण म्हणाली. ताईने सावकाश, पाटीवर गिरवावीत तशी मोठी मोठी अक्षरे काढली. शाई वाळेपर्यंत ती त्या अक्षरांकडे बघत बसली.

पुढे सगळे गोडच झाले असे नाही. इंचभर म्हणाला होता तसे लोक दारात आले. काहींनी तोंडावर टोमणे मारले. मोजणी कचेरीकडून कडक शब्दांत एक पत्र आले. ज्या वरच्या जागेवर त्याची नेमणूक होणार होती, ती दुसऱ्याला मिळाली. 'इंचभर' हे टोपणनाव गेले आणि काही दिवस त्याला 'चार बोटं' म्हणू लागले. त्याने एक्केचाळीसही कागद एकेक करून उघडले आणि सगळ्या जमिनी आम्ही पुन्हा मोजल्या. त्यात दोन वर्षे गेली. अकरा दगड हलले. एका म्हाताऱ्याने तर आम्हांला कुंपणाच्या आतही घेतले नाही. पण आता तो मोजायच्या आधी आसपासच्या माणसांना विचारायचा, "तुम्हांला काय आठवतं?" आणि खाली बसून शेवटपर्यंत ऐकायचा. पूर्वी असे त्याने कधी केले नव्हते. सुट्टीच्या दिवशी ताई सुईणीकडे जायची. पुढच्या वाटेने.

नंतर पोलादी फीत आली. ती हलकी होती, झिजत नव्हती. मग तीन पायांवर उभे राहणारे यंत्र आले. आता म्हणे आकाशातून मोजतात. मी आधी खुंटीवर गेले, मग पेटीत. इंचभर गेला त्याच्या पुढच्या वर्षी ताईने मला तुमच्या शाळेला दिले. तेव्हा ती खूप थकली होती. मुख्याध्यापिकांच्या हातात मला देताना ती म्हणाली, "मुलांना हात लावू द्या. नुसती काचेत ठेवू नका." काचेत कुणी ठेवले नाही, तो प्रश्नच आला नाही. पहिली दोन-तीन वर्षे एक मास्तर मला मैदानावर नेऊन मुलांकडून वर्गाच्या खोल्या मोजून घेत. ते बदलून गेले. नंतर कुणी आले नाही. गंज आधी बिल्ल्यांखाली धरला, मग वळ्यांत शिरला.

मित्रांनो, मला तुमच्याकडून फार काही नको. कधी शेताच्या कोपऱ्यावर, रस्त्याच्या कडेला जमिनीत रोवलेला एखादा दगड दिसला, तर त्यावर बसा, हवे तर चपलेचा पट्टा लावा, पण तो उपटू नका. कुणाची तरी वाट त्यावर टेकलेली असते. घरातले तराजू, मापे, घड्याळे अधूनमधून तपासून घ्या. जे रोज हाताळतो त्याचीच झीज आपल्याला दिसत नाही. आणि मला रस्सीखेचीला न्यायचे असेल तर न्या, पण त्याआधी एकदा तरी मोजायला न्या. एकाने मागचे टोक धरा, एकाने पुढचे.

मध्ये तारेचा तुकडा आहे, वळ्या गंजल्या आहेत, एक कडी वाकली आहे. आज माझी लांबी किती आहे, मला ठाऊक नाही. कुणी मोजून सांगाल का?